लघुग्रहाचा उजेड गच्चीवरून कसा मोजायचा: डार्टची टक्कर ज्या पद्धतीनं मोजली ती सोलापुरात शिकूया

२७ सप्टेंबर २०२२, पहाटे ४ वाजून ४४ मिनिटं. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर मी आणि माझा चुलत भाऊ ६ इंची दुर्बीण लावून बसलेलो आणि वर नुसते ढग. त्याच सुमारास आपल्यापासून साधारण १ कोटी १० लाख किलोमीटर लांब नासाचं डार्ट नावाचं यान सेकंदाला ६ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम जाऊन आदळलं. आम्ही ते मोबाइलवरच बघितलं, कॅमेऱ्यातले दगड मोठे मोठे होत गेले, शेवटचा फोटो अर्धवट आला आणि बंद. भाऊ म्हणाला, "संपलं की बे, चल झोपू." पण खरं काम तिथनं पुढं सुरू झालेलं. टक्कर तर झाली, पण लघुग्रह हलला का आणि किती हलला हे सांगायला यान शिल्लकच नव्हतं. ते सांगितलं जमिनीवरच्या दुर्बिणींनी, आणि तेसुद्धा एका ठिपक्याचा उजेड कमी-जास्त होतो तेवढं मोजून.

ही मोजायची पद्धत आपल्याला घरी शिकता येते, म्हणून हे लिहितोय. डायमॉर्फस आपल्या छोट्या दुर्बिणीत सापडणार नाही हे आधीच सांगतो, पण तंत्र तेच आहे.

आधी नक्की काय मोजलं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं बटणं दाबणं होईल. डिडिमॉस हा मोठा लघुग्रह, साधारण ७८० मीटरचा, आणि त्याच्याभोवती फिरणारा डायमॉर्फस १६० मीटरच्या आसपास. दोघांमधलं अंतर सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्या लांबून ते अंतर बघणं म्हणजे मुंबईत ठेवलेलं लिंबू सोलापुरातून बघण्यासारखं, त्यामुळं हबल या अवकाशातल्या दुर्बिणीला पण दोघं वेगळे दिसत नाहीत, एकच ठिपका दिसतो. पण डायमॉर्फस मोठ्याच्या पुढून गेला किंवा मागं गेला की त्या ठिपक्याचा उजेड जरासा घटतो. किती घटतो ते तुम्हीच काढा, १६० भागिले ७८०, त्याचा वर्ग, म्हणजे जेमतेम ४ टक्के. २००३ मध्ये चेक खगोलशास्त्रज्ञ पेट्र प्रावेत्स यांनी अशाच घटींवरून हा छोटा सोबती आहे हे ओळखलं, आणि रडारनं पण तेच दाखवलं. दोन घटींमधला वेळ मोजत मोजत पक्कं झालं की डायमॉर्फस एक फेरी ११ तास ५५ मिनिटांत मारतो.

टक्कर झाल्यावर घटी ठरल्या वेळेला येईनात. यान समोरून आदळलं होतं त्यामुळं डायमॉर्फसचा वेग किंचित कमी झाला, सेकंदाला ३ मिलिमीटरपेक्षाही कमी फरक, आणि तो मोठ्याच्या थोडा जवळ आला, फेरी आखूड झाली. ११ ऑक्टोबर २०२२ ला नासानं जाहीर केलं की आता फेरी ११ तास २३ मिनिटांची आहे, ३२ मिनिटं कमी. मोहीम यशस्वी म्हणायला ७३ सेकंदांचा फरक पुरला असता. ३ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण प्रत्येक फेरीला ३२ मिनिटं सरकत गेली की आठवड्यात जवळपास १५ फेऱ्या होतात आणि घट जुन्या हिशोबापेक्षा पावणेआठ-आठ तास आधी येते. एवढा फरक कुणालाही दिसेल, फक्त अट एकच, जुना हिशोब आधी पक्का पाहिजे. माझ्या मते डार्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, टक्कर एका क्षणाची होती पण त्याआधी कित्येक वर्षं लोकांनी मोजून ठेवलेलं होतं.

आता शिकायचं कसं. पहिला धडा बिनदुर्बिणीचा, आणि तो चुकवू नका, मी चुकवला होता आणि सहा महिने नुसता गोंधळलो. ययाती तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे, आपल्याकडे त्याला मायावती पण म्हणतात. ते प्रत्यक्षात दोन तारे आहेत, एक दुसऱ्याला झाकतो, अगदी डिडिमॉस-डायमॉर्फससारखंच. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीवर उतरतो (प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे उजेड एक तृतीयांशाच्याही खाली जातो. उतरायला साधारण पाच तास आणि परत चढायला पाच तास. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत संध्याकाळी आपल्याकडे छान दिसतो. स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सोलापूर टाका, शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम सापडला की त्याच्या खालच्या अंगाला ययाती.

करायचं असं की अल्गॉलची तुलना शेजारच्या ताऱ्यांशी करायची. देवयानीतला अलमाक २.१ प्रतीचा, ययातीतलाच एप्सिलॉन २.९ चा, डेल्टा ३.० चा. अल्गॉल अलमाकएवढा दिसतो का, की मधे कुठंतरी, की डेल्टापेक्षाही मंद? अंदाजानं आकडा लिहा आणि शेजारी वेळ लिहा. दर वीस मिनिटांनी. अल्गॉलच्या जवळचा ऱ्हो ययाती मात्र तुलनेला घेऊ नका, तो स्वतःच कमी-जास्त होतो. माझी मुलगी आठवीत असताना तिनं वहीत असे बावीस आकडे लिहिले, चौकटीच्या कागदावर टाकले आणि खड्डा उमटला, आणि खड्ड्याचा तळ छापील वेळेच्या दहा मिनिटांत आला. डोळ्यांनी! तिनं तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

हे जमलं की मग दुर्बीण. ६ इंची परावर्तक पुरते, ८ इंची असेल तर उत्तम, पण खरा खर्च मोटर असलेल्या इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडवर करा. डॉब्सोनियन, म्हणजे हातानं फिरवायच्या साध्या बैठकीवरची दुर्बीण, बघायला झकास पण तासन्‌तास तोच ठिपका फ्रेममध्ये ठेवायचा म्हणजे मोटर पाहिजेच. कॅमेरा जुना डीएसएलआर चालतो. आणि आरसा छोटा म्हणून कमीपणा मानू नका, डार्टची टक्कर रियुनियन बेटावरून आणि केनियातून ज्या हौशी लोकांनी रेकॉर्ड केली त्यांच्या दुर्बिणी ११.४ सेंटिमीटरच्या होत्या, म्हणजे साडेचार इंची. त्यांच्या मोजमापावरून कळलं की उडालेल्या धुळीमुळं उजेड दोन प्रतींपेक्षा जास्त वाढला, सात-आठ पट, आणि पूर्वीसारखा व्हायला साधारण २४ दिवस लागले. हे नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं २०२३ ला, निरीक्षकांची नावं लेखकांमध्ये घालून.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडं रोखून लावावा लागतो आणि तिथं सोलापूरकरांची एक अडचण असते. ध्रुवतारा आपण राहतो तिथल्या अक्षांशाएवढ्याच उंचीवर असतो, म्हणजे आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश. उत्तरेला शेजारची तीन मजली इमारत असेल तर ध्रुव दिसतच नाही आणि तेवढ्या खाली शहराचा उजेड आणि धूळ पण असते. आमच्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीनं झाकलेला. मी शेवटी एकदा ड्रिफ्ट पद्धतीनं, म्हणजे तारा कुठं सरकतो ते बघत बघत, माउंट बरोबर लावलं आणि ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी गच्चीवर ऑइलपेंटनं गोल करून ठेवले, आता दरवेळी पाय त्या गोलात ठेवले की दहा मिनिटांत काम होतं.

जागा आणि ऋतू. शहरातून १० प्रतीपर्यंतचे लघुग्रह आरामात जमतात, उजेड मोजायला काळंभोर आकाश लागतंच असं नाही, आकाश एकसारखं राहणं जास्त महत्त्वाचं. पातळ ढग हे खरे शत्रू, डोळ्याला दिसत नाहीत आणि आकडे खातात. त्यापेक्षा मंद पकडायचं असेल तर नान्नजच्या बाजूला किंवा मंद्रूपच्या पुढं कुणाचं शेत असेल तिथं जा, पण माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका आणि शेतमालकाला आधी फोन करा, रात्री दोन वाजता टॉर्च दिसल्यावर माणूस घाबरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोनं. एप्रिल-मेमध्ये आकाश कोरडं असतं पण दिवसभर बेचाळीस डिग्रीत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो आणि तारा फ्रेममध्ये नुसता नाचतो, त्या दिवसांत गच्ची सोडून मातीवर दुर्बीण लावा, फरक लगेच दिसेल. हिप्परगा तलावाकडं डिसेंबरात गेलात तर दव लई पडतं, नळीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची गुंडाळी लावली की काम भागतं.

कुठला लघुग्रह घ्यायचा यात नवीन लोक हमखास चुकतात. सगळे वेस्टाकडं धावतात कारण ती सगळ्यात ठळक. पण वेस्टा बऱ्यापैकी गोल आहे, फिरताना तिचा उजेड जेमतेम एक दशांश प्रतीनं बदलतो, पहिल्या प्रयत्नात ते गोंधळात बुडून जातं. तुम्हाला पाहिजे लांबुळका आणि लवकर फिरणारा. ३९ लेटिशिया घ्या, ५ तास ८ मिनिटांत एक गिरकी. १५ युनोमिया, ६ तास ५ मिनिटं. ४४ नायसा, ६ तास २५ मिनिटं. या तिघांचा उजेड चांगल्या वेळी दीड पटीपर्यंत बदलतो. लांबट बटाटा फिरवून बघा, एका गिरकीत दोनदा आडवा दिसतो आणि दोनदा टोकाकडून, म्हणून एका फेरीत दोन उंचवटे आणि दोन खड्डे येतात. थंडीच्या एका रात्रीत पूर्ण फेरी मिळते. यातला जो सूर्याच्या समोरच्या बाजूला असेल, म्हणजे मध्यरात्री डोक्यावर येत असेल, तो घ्या.

सापडल्याची खात्री अशी करायची की एक फोटो काढा, तासाभरानं त्याच जागेचा दुसरा काढा, दोन्ही आलटून पालटून बघा. जो ठिपका सरकला तो तुमचा. पहिल्यांदा सरकलेला दिसतो ना, तेव्हा अंगावर काटा येतो, मला अजून येतो.

फोटो काढताना सगळं मॅन्युअल आणि रॉ. आयएसओ ४०० किंवा ८००, एक्स्पोजर ३० सेकंदांच्या आसपास, आणि एकदा ठरवलं की रात्रभर काहीही बदलायचं नाही. फोकस किंचित सोडलेला बरा, तारा चार-सहा पिक्सेलवर पसरला की मोजणी सुधारते. कुठलाच तारा पांढरा फट्ट जळता कामा नये, कॅमेरा १४ बिटचा असेल तर सगळ्यात ठळक पिक्सेल दहा हजाराच्या खाली ठेवा, जळलेल्या ताऱ्याचा आकडा खोटा असतो. लघुग्रह क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली उतरला की थांबा. लांबच्या वायरचं किंवा टायमरचं बटण वापरा म्हणजे हात लागत नाही, आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर टाका, रात्री दोनला लाइट गेली तर अख्खी फेरी वाया जाते.

आता फ्लॅट. लेन्सवरची धूळ आणि कोपऱ्यातला अंधार यामुळं तोच तारा फ्रेमच्या कडेला कमी उजेडाचा दिसतो, ते दुरुस्त करायला एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो लागतात, त्यांना फ्लॅट म्हणतात. सोलापुरात राहून चादरीनं करावं असं मलाही वाटलं, पण आपली चादर जाड आणि नक्षीची, वीण फोटोत उतरते. आजोबांचं जुनं धुवून धुवून मऊ झालेलं पांढरं धोतर पेटीत होतं, ते चौपदरी करून नळीच्या तोंडावर ताणून रबर लावलं, सूर्य मावळल्या मावळल्या नळी पूर्वेला वर करून पंचवीस फोटो घेतले, हिस्टोग्राम मध्यावर येईल इतक्या एक्स्पोजरचे. उत्तम आले. सुरकुती राहू देऊ नका, आणि फ्लॅट झाल्यावर कॅमेरा फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही, नाहीतर परत घ्या. रात्री शेवटी झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे वीसेक काळे फोटो घ्या, त्यांना डार्क म्हणतात, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ वजा करायला.

वेळेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळा खेळ वेळेचा आहे. डार्टमध्ये पण आकडा निघाला तो घट किती वाजता आली यावरूनच. कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलेलं असतं हे गृहीत धरा. मी लेटिशियाची पहिली रात्र घेतली तेव्हा बॅटरी काढून घातल्यामुळं कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागं गेलेलं, मला पत्ताच नाही, दुसऱ्या रात्रीचे आकडे पहिल्या रात्रीवर ठेवले तर उजेडाचे दोन्ही वक्र एकमेकांवर बसेनात आणि आठवडाभर मी सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. आता सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवर इंटरनेटनं मिळवलेलं सेकंद दाखवणारं घड्याळ लावून त्याचाच त्या कॅमेऱ्यानं फोटो काढतो, फोटोतली वेळ आणि फाइलवरची वेळ यातला फरक म्हणजे चूक, ती सगळ्या फाइलींना वजा. नोंदी यूटीसी या जागतिक वेळेत ठेवा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, म्हणजे मध्यरात्री तारीख बदलायचा घोळ होत नाही. आणि वेळ धरायची ती एक्स्पोजरच्या मध्याची, सुरुवातीची नाही.

मोजणीसाठी सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डार्क-फ्लॅट लावा आणि फक्त हिरवा चॅनल वेगळा काढा. पुढं ॲस्ट्रोइमेजजे पण फुकट, किंवा टायको ट्रॅकर, ते सरकणाऱ्या लघुग्रहाबरोबर उजेड मोजायचं वर्तुळ आपोआप सरकवतं. तत्त्व अल्गॉलचंच आहे, शेजाऱ्यांशी तुलना. त्याच फ्रेममधले चार-पाच तारे घ्या, लघुग्रहाएवढेच ठळक आणि रंगानं सूर्यासारखे पिवळट, लाल तारे टाळा कारण ते आकाशात खाली-वर जाताना वेगळे वागतात. वर्तुळ ताऱ्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट. मग एक परीक्षा घ्या, तुलनेच्या दोन ताऱ्यांचा एकमेकांशीच आलेख काढा, तो सरळ सपाट आला पाहिजे. तो वरखाली होत असेल तर लघुग्रहाच्या आलेखावर अजिबात विश्वास ठेवू नका, एकतर ढग होते नाहीतर तारा बदलणारा निघाला. त्या सपाट रेषेची जाडी हीच तुमची चूक. ती १ टक्क्याच्या आत आली तर डायमॉर्फससारखी ४ टक्क्यांची घट पण तुम्हाला दिसली असती असं समजा. लघुग्रह एखाद्या मंद ताऱ्यावरून गेला की अचानक उंचवटा येतो, तेवढे फोटो काढून टाका आणि वहीत लिहून ठेवा की का काढले.

दोन रात्रींचे आकडे घेऊन फेरीचा वेळ बदलत बदलत दोन्ही वक्र एकमेकांवर नीट बसेपर्यंत बघायचं. घड्याळाची चूक दुरुस्त केल्यावर आमचं लेटिशियाचं उत्तर ५ तास १० मिनिटं आलं. छापील आकड्याच्या २ मिनिटं जवळ, ६ इंची दुर्बीण आणि धोतर.

आणि अशी टक्कर परत कधी ठरलीच आणि आकाश मोकळं मिळालं तर आजचं हे सगळं कसं वापराल ते सांगतो. टक्करीच्या आधीच्या निदान तीन-चार रात्री त्याच सेटिंगवर तोच लघुग्रह घ्या, तुमचं "आधी" तुमच्याकडं पाहिजे. त्या रात्री अर्धा तास आधी कॅमेरा सुरू करा आणि एक्स्पोजर लहान ठेवा, कारण उजेड अचानक वाढला तर ठिपका जळून जाईल. टक्कर झाल्यावर उठून उड्या मारू नका, गच्चीचा स्लॅब हलतो. कॅमेरा चालूच ठेवा आणि पुढचे तीन-चार आठवडे जमेल त्या प्रत्येक रात्री परत घ्या. डार्टनंतर डायमॉर्फसला धूमकेतूसारखी शेपूट फुटली, दोन दिवसांनी चिलीतल्या सोअर दुर्बिणीनं ती १०,००० किलोमीटरपेक्षा लांब टिपली, आणि ऑक्टोबरात हबलला दोन शेपट्या दिसल्या. पहिल्या रात्रीनंतर दुर्बीण गुंडाळून ठेवणाऱ्याला यातलं काहीच मिळालं नसतं.

सध्या युरोपचं हेरा यान तिकडं निघालेलं आहे, ७ ऑक्टोबर २०२४ ला सुटलं, २०२६ च्या शेवटी पोचायचं आहे, मग खड्डा पडला की अख्खा डायमॉर्फसच आकार बदलून बसला ते जवळून कळेल. आणि १३ एप्रिल २०२९, म्हणजे आपल्याकडं १४ तारखेची पहाट, अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, न आदळता. तो कुठं आणि किती उंचीवर असेल ते स्टेलॅरियममध्ये सोलापूर टाकून बघून ठेवा. तोपर्यंत हिवाळे मोजकेच आहेत, म्हणून या दिवाळीत अल्गॉलपासून सुरुवात करा, वही आणि पेन्सिल घेऊन, आणि पहिल्या पानावर पहिली गोष्ट लिहा ती वेळ.